आवृत्ती-नियंत्रण आणि एसएसएच कुंजी : घरच्या डेस्कटॉपवरून दूरच्या भांडारापर्यंत

संगणकावर लिहिलेल्या मजकुराच्या सर्व अवस्था क्रमाने जतन करणाऱ्या आणि कोणता बदल कोणी, केव्हा व कशासाठी केला याची नोंद ठेवणाऱ्या साधनाला आवृत्ती-नियंत्रण प्रणाली म्हणतात. मजकूर आज्ञावलीचा असो, अक्षरटंकाचा असो वा पुस्तकाच्या मसुद्याचा, प्रणालीला त्याने फरक पडत नाही. व्यवसायात ती व्हर्जन कंट्रोल या नावाने ओळखली जाते आणि तिच्यातील सर्वाधिक प्रचारात असलेली प्रणाली म्हणजे गिट. गिटमधील नोंदींचा संग्रह, ज्याला रिपॉझिटरी किंवा भांडार म्हणतात, कामकऱ्याच्या संगणकावर असतोच. पण चारचौघांनी मिळून काम करायचे तर त्याची एक सामाईक प्रत दूरच्या सेवासंगणकावर, म्हणजे सर्व्हरवर, ठेवावी लागते. घरचा डेस्कटॉप आणि तो सर्व्हर यांमधील वाट बंदिस्त ठेवणे, आणि त्या वाटेने येणारा माणूस खरोखर तोच आहे याची खात्री करून घेणे, ही दोन कामे एसएसएच अर्थात सिक्युअर शेल ही पद्धती करते.

वाशिम जिल्ह्याच्या मालेगाव तालुक्यातील शिरपूर जैन हे गाव अंतरिक्ष पार्श्वनाथाच्या प्राचीन क्षेत्रामुळे देशभरातील जैन भाविकांना परिचित आहे. या भागातील मुले अभियांत्रिकीसाठी शेगाव, पुसद किंवा अमरावतीला जातात, पुढे नोकरीसाठी पुण्याची वाट धरतात आणि सणासुदीला घरी आली की कामही सोबत घेऊन येतात. काम शिरपुरात आणि भांडार अमेरिकेतील सर्व्हरवर अशी स्थिती आता अपूर्वाईची राहिलेली नाही. अशा वेळी घरच्या डेस्कटॉपवर पहिल्यांदा गिट वापरू पाहणारा विद्यार्थी बहुधा एकाच ठिकाणी अडतो : पडद्यावर 'परमिशन डिनाइड, पब्लिक की' एवढीच ओळ उमटते आणि पुढे काय करायचे ते सुचत नाही. या ओळीमागे काय आहे हे मुळापासून पाहणे उपयुक्त ठरेल.

आवृत्ती-नियंत्रणाची कल्पना गिटच्या बरीच आधीची आहे. १९७२ मध्ये बेल प्रयोगशाळेत मार्क रॉचकाइंड यांनी एससीसीएस ही प्रणाली रचली. १९८२ मध्ये वॉल्टर टिची यांची आरसीएस आली, पुढे सीव्हीएस आणि २००० मध्ये सबव्हर्जन. लिनक्स या कार्यप्रणालीच्या गाभ्यासाठी वापरली जाणारी बिटकीपर ही खाजगी प्रणाली विनामूल्य मिळेनाशी झाल्यावर लिनस टोरवाल्ड्स यांनी एप्रिल २००५ मध्ये स्वतः गिट लिहायला घेतले. त्याच वर्षीच्या जुलैपासून त्याची देखभाल जुनिओ हमानो यांच्याकडे आहे. २००८ मध्ये सुरू झालेल्या गिटहब या संकेतस्थळाने गिटची भांडारे ठेवण्याची सोय सर्वांना करून दिली आणि गिट हे नाव घरोघर पोचले. गिट आणि गिटहब एकच, असा समज मात्र चुकीचा आहे. गिट ही प्रणाली आहे, गिटहब हे तिची भांडारे सांभाळणाऱ्या अनेक स्थळांपैकी एक.

एसएसएचचा जन्म एका चोरीतून झाला. १९९५ च्या आरंभी फिनलंडमधील हेलसिंकी तंत्रविद्यापीठाच्या जाळ्यावर कोणीतरी कान लावून बसले आणि तारेवरून उघड्या जाणाऱ्या परवलीच्या शब्दांची मोठी रास त्याच्या हाती लागली. त्या काळी दूरच्या संगणकात शिरण्यासाठी टेलनेट व आरलॉगिन ही साधने वापरत आणि परवलीचा शब्द त्यांतून जसाच्या तसा, कोणतेही आवरण न चढवता जाई. तेथीलच संशोधक टाटू इलोनेन यांनी यावर उपाय म्हणून नवी पद्धती लिहिली आणि जुलै १९९५ मध्ये ती जगाला खुली केली. तिला दारक्रमांक, म्हणजे पोर्ट, हवा होता. फाइली पाठवण्याच्या एफटीपी या जुन्या पद्धतीचा क्रमांक २१ आणि टेलनेटचा २३. मधला २२ मोकळा होता. इलोनेन यांनी १० जुलै १९९५ रोजी क्रमांकांचे वाटप करणाऱ्या आयएएनए या संस्थेकडे त्यासाठी विनंती केली आणि दुसऱ्याच दिवशी जॉइस रेनॉल्ड्स यांच्याकडून क्रमांक मंजूर झाल्याचे उत्तर आले. ज्या दोन जुन्या पद्धतींची जागा घ्यायची त्यांच्या बरोबर मधले दार मिळाले, हा योग मौजेचा खरा.

इलोनेन यांच्या मूळ आज्ञावलीच्या पुढील आवृत्त्यांवर व्यापारी निर्बंध येत गेले. म्हणून तिच्या एका जुन्या, मुक्त आवृत्तीवरून ओपनबीएसडी या कार्यप्रणालीच्या चमूने स्वतंत्र शाखा काढली, तीच ओपनएसएसएच. डिसेंबर १९९९ मध्ये ओपनबीएसडी २.६ सोबत ती प्रथम प्रसिद्ध झाली. आज लिनक्स, मॅक आणि विंडोज या तिन्हींवर जी एसएसएच आढळते ती बहुशः हीच. पद्धतीचे दुसरे, सुधारित रूप जानेवारी २००६ मध्ये आरएफसी ४२५१ ते ४२५४ या दस्तऐवजांनी प्रमाणित झाले.

एसएसएचच्या मुळाशी असलेले तत्त्व म्हणजे असममित कूटलेखन. व्हिटफील्ड डिफी व मार्टिन हेलमन यांनी १९७६ मध्ये ते मांडले आणि पुढच्याच वर्षी रिव्हेस्ट, शमीर व एडलमन यांनी त्याला आरएसए हे व्यवहार्य रूप दिले. ब्रिटिश गुप्तसंदेश विभागातील क्लिफर्ड कॉक्स यांनी हेच १९७३ मध्ये साधले होते, परंतु ते गोपनीय राहिले. या तत्त्वानुसार कुंज्या जोडीने निर्माण होतात. एक खाजगी, जी निर्मात्यापाशीच राहते. दुसरी सार्वजनिक, जी कोणालाही द्यावी. खाजगी कुंजीने केलेली अंकीय स्वाक्षरी सार्वजनिक कुंजीने पडताळता येते. पण सार्वजनिक कुंजीवरून खाजगी कुंजी काढणे आजच्या संगणकांना व्यवहारतः अशक्य आहे.

प्रवेशाच्या वेळी घडते ते असे. प्रथम दोन्ही संगणक एक सामाईक गुपित ठरवतात, तेही अशा रीतीने की तार ऐकणाऱ्याला ते कळू नये. या भेटीला एक अद्वितीय ओळखक्रमांक मिळतो. मग घरचा संगणक तो क्रमांक, वापरकर्त्याचे नाव आणि सार्वजनिक कुंजी यांच्या मजकुरावर खाजगी कुंजीने स्वाक्षरी करतो व ती सर्व्हरला धाडतो. सर्व्हर आपल्याकडे आधीच नोंदवलेल्या सार्वजनिक कुंजीने ती तपासतो. खाजगी कुंजी या सर्व व्यवहारात डेस्कटॉपबाहेर पाऊल टाकत नाही. परवलीच्या शब्दाहून ही पद्धत वेगळी ठरते ती येथेच. परवलीचा शब्द समोरच्याला सांगावाच लागतो, आणि सांगितला की तो दोघांचा होतो. स्वाक्षरीत भेटीचा क्रमांक गुंफलेला असल्यामुळे ती दुसऱ्या दिवशी वा दुसऱ्या सर्व्हरवर चालवता येत नाही.

कुंज्यांचे प्रकार त्यांमागील गणितावरून पडतात. आरएसए सर्वांत जुनी. मोठ्या संख्येचे अविभाज्य अवयव शोधणे अवघड असते, या गोष्टीवर तिची सुरक्षितता उभी आहे. तिची लांबी निदान ३०७२ बिट असावी असा आजचा संकेत आहे. डीएसए ही अमेरिकी शासनाने पुरस्कारलेली कुंजी. ओपनएसएसएचने २०१५ मध्ये ती मूळ मांडणीतून बाद केली आणि २०२५ च्या दहाव्या आवृत्तीत समूळ काढून टाकली. ईसीडीएसए ही लंबवर्तुळीय वक्रांवर आधारलेली. त्याच कुळातील ईडी२५५१९ ही डॅनियल बर्नस्टाइन व त्यांच्या चार सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडली आणि जानेवारी २०१४ च्या ओपनएसएसएच ६.५ मध्ये दाखल झाली. तिच्या नावातील अंक दोनच्या २५५ व्या घातातून १९ वजा केल्यावर येणाऱ्या अविभाज्य संख्येकडे निर्देश करतात. नव्याने सुरुवात करणाऱ्याने हीच निवडावी, असे निःशंकपणे सांगता येते. ती वेगवान आहे, स्वाक्षरी करताना यादृच्छिक संख्येवर विसंबत नाही, आणि तिची सार्वजनिक कुंजी ६८ अक्षरांत मावते. आरएसएच्या ४०९६ बिटांच्या कुंजीला सातशेहून अधिक अक्षरे लागतात. ऑक्टोबर २०२३ पासून ओपनएसएसएच काहीच न सांगितल्यास हाच प्रकार घडवते. २०२० पासून आणखी एक जात उपलब्ध आहे : तिची खाजगी कुंजी यूएसबीला लावायच्या छोट्या सुरक्षा-उपकरणाशी बांधलेली असते आणि ते उपकरण जवळ नसेल तर स्वाक्षरी होत नाही.

आता प्रत्यक्ष मांडणीकडे वळू. येथे आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिल्या आहेत. संगणकावर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत टंकाव्या लागतात. विंडोज १० मध्ये २०१८ पासून एसएसएच अंगभूत आहे, आणि 'गिट फॉर विंडोज' बसवताना ती त्यासोबतही येते. आज्ञापटल उघडून 'एसएसएच-कीजेन -टी ईडी२५५१९ -सी' असे, यातला सी मोठ्या अक्षरातला, लिहावे व पुढे अवतरणचिन्हांत या संगणकाची ओळख पटेल असा शेरा द्यावा. तेथे ईमेल पत्ता लिहिण्याची प्रथा आहे, पण 'शिरपूर घर डेस्कटॉप' असा शेरा पुढे जास्त कामास येतो. कारण दोन वर्षांनी यादीत चार कुंज्या दिसू लागल्यावर कोणती कुठली हे ईमेलवरून कळत नाही. संगणक फाइल कोठे ठेवू असे विचारतो, तेव्हा एंटर दाबावे. वापरकर्त्याच्या गृहपत्रिकेत, म्हणजे होम फोल्डरमध्ये, 'डॉट एसएसएच' नावाची पत्रिका तयार होते व तिच्यात दोन फाइली येतात : 'आयडी अंडरस्कोअर ईडी२५५१९' ही खाजगी, आणि त्याच नावापुढे 'डॉट पब' लागलेली सार्वजनिक. विंडोजच्या एक्सप्लोररमध्ये फाइलींचे ओळखीचे प्रत्यय लपवलेले असतात, त्यामुळे या दोहोंत गफलत होऊन खाजगी फाइलच उघडली जाण्याचा संभव असतो. उघडलेल्या मजकुराच्या पहिल्या ओळीत 'बिगिन ओपनएसएसएच प्रायव्हेट की' असे दिसले की फाइल तत्काळ बंद करावी. ती कोणाला द्यायची नसते.

त्याच वेळी कुंजीवाक्य, म्हणजे पासफ्रेझ, मागितले जाते. ते रिकामे सोडता येते आणि पुष्कळ जण सोडतात. मला हे पटत नाही. कुंजीवाक्याने खाजगी कुंजीची फाइल डिस्कवर कूटबद्ध राहते, त्यामुळे फाइल चोरली गेली तरी ती तशीच्या तशी वापरता येत नाही. घरात एकच डेस्कटॉप असेल, त्यावर भावंडे अभ्यास करीत असतील आणि शेजारची मंडळी ऑनलाइन अर्ज भरायला येत असतील, तर हे संरक्षण आवश्यकच समजावे. प्रत्येक वेळी वाक्य टंकण्याचा कंटाळा टाळण्यासाठी एसएसएच-एजंट ही सोय आहे. हा एक प्रकारचा मुखत्यार होय : वाक्य एकदा सांगून 'एसएसएच-अ‍ॅड' या आज्ञेने कुंजी त्याच्या हवाली केली की पुढच्या स्वाक्षऱ्या तो करतो. लिनक्सवर संगणक बंद होताच तो सारे विसरतो. विंडोजवर ही सेवा मुळात निष्क्रिय असते आणि 'सर्व्हिसेस' या खिडकीतून ती चालू करावी लागते.

विंडोजवरच्या एका अडचणीने अनेकांना तासन्‌तास झुलवले आहे. तेथे एसएसएचच्या दोन प्रती नांदत असतात, एक विंडोजची स्वतःची व दुसरी गिटसोबत आलेली. एजंट एकीचा चालू असतो, कुंजी त्याच्याकडे दिलेली असते, आणि गिट मात्र दुसरीला हाक मारते. परिणामी हाताने तपासले तर प्रवेश मिळतो, पण गिटमधून प्रत्येक वेळी कुंजीवाक्य मागितले जाते. गिटच्या मांडणीतील 'कोअर डॉट एसएसएचकमांड' या नोंदीत विंडोजच्या एसएसएचचा पूर्ण मार्ग लिहिला की हा घोळ मिटतो. लिनक्सवरील नेहमीची तक्रार निराळी असते. खाजगी फाइल इतरांना वाचता येईल अशी परवानगी राहून गेली असेल, तर एसएसएच ती कुंजी वापरण्यासच नकार देते. फाइलीला ६०० व पत्रिकेला ७०० ही परवानगी दिली की प्रश्न सुटतो. पेन ड्राइव्हवरून कुंजी आणणाऱ्यांना हा अनुभव हमखास येतो. मुळात कुंजी पेन ड्राइव्हवरून हिंडवू नये, प्रत्येक संगणकावर नवी घडवावी.

सार्वजनिक फाइलीतील एकच ओळ आहे तशी उचलून गिटहबच्या सेटिंग्जमध्ये 'एसएसएच अँड जीपीजी कीज' या ठिकाणी चिकटवली की नोंदणी पुरी होते. ओळ मध्येच तुटली किंवा शेवटचे अक्षर राहिले तर ती स्वीकारली जात नाही. मग 'एसएसएच -टी गिट-अ‍ॅट-गिटहब-डॉट-कॉम' ही आज्ञा द्यावी. यातला टी मोठ्या अक्षरातला. सर्व्हर नावाने अभिवादन करतो, आणि ओळख पटली असली तरी येथे आज्ञापटल मिळणार नाही असेही सांगतो. हा दुसरा भाग वाचून काही जण दचकतात. वस्तुतः ती यशाचीच खूण होय. पत्त्यातील वापरकर्त्याचे नाव सर्वांसाठी 'गिट' हेच असते. लाखो लोक एकाच नावाने दार ठोठावतात आणि कोण आले आहे हे सर्व्हर केवळ कुंजीवरून ठरवतो. म्हणूनच एक कुंजी दोन खात्यांना जोडता येत नाही. भांडार आधी एचटीटीपीएस पत्त्याने उतरवले असेल, तर 'गिट रिमोट सेट-यूआरएल' या आज्ञेने पत्ता बदलावा लागतो; तो न बदलता कुंजीचा दोष शोधत बसणे व्यर्थ आहे.

पहिल्याच जोडणीच्या वेळी आणखी एक प्रश्न येतो, आणि या सबंध विषयातील सर्वांत दुर्लक्षित गोष्ट तीच आहे. आपण सर्व्हरला ओळख पटवतो तशी सर्व्हरनेही आपल्याला पटवायची असते. त्याची स्वतःची यजमान-कुंजी असते आणि तिचा संक्षिप्त ठसा, फिंगरप्रिंट, पडद्यावर दाखवून 'पुढे जाऊ का?' असे विचारले जाते. बहुतेक जण न वाचता 'यस' टंकतात. गिटहब आपले ठसे अधिकृतपणे प्रसिद्ध करते. त्याच्या ईडी२५५१९ कुंजीचा ठसा अधिक-चिन्हाने सुरू होतो. पडद्यावरचा ठसा व प्रसिद्ध ठसा पहिल्यापासून शेवटपर्यंत जुळवून पाहावेत, त्याला अर्धा मिनिट पुरतो. एकदा होकार दिला की ती यजमान-कुंजी 'नोन होस्ट्स' या फाइलीत साठते आणि पुढे तिच्यात बदल दिसताच एसएसएच मोठ्या अक्षरांत इशारा देऊन जोडणी तोडते.

असा इशारा २४ मार्च २०२३ रोजी जगभरच्या असंख्य पडद्यांवर झळकला. गिटहबची आरएसए यजमान-कुंजी एका सार्वजनिक भांडारात अल्पकाळ उघडी पडल्याचे लक्षात आल्यावर त्या संस्थेने ती तातडीने बदलली. ज्यांच्या संगणकांवर जुन्या आरएसए कुंजीची नोंद होती त्यांना तो इशारा दिसला. ईसीडीएसए व ईडी२५५१९ वापरणाऱ्यांना काहीच जाणवले नाही. आरएसएवाल्यांनी करायचे होते ते एवढेच : प्रसिद्ध झालेला नवा ठसा पडताळून 'एसएसएच-कीजेन -आर' या आज्ञेने, आर मोठ्या अक्षरातला, जुनी नोंद पुसायची. आवृत्ती-नियंत्रणाचे जगातील सर्वांत मोठे स्थळ चालवणाऱ्यांच्या हातूनही खाजगी कुंजी भांडारात जावी, यावरून ही चूक किती सोपी आहे ते दिसते.

ओळख पटणे आणि अधिकार असणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत. हा भेद शिरपूरच्या वाचकाला वेगळा समजावून द्यावा लागणार नाही. येथील मंदिरात दिगंबर व श्वेतांबर या दोन्ही पंथांच्या पूजेचे वेळापत्रक १९०५ मध्ये ठरले. व्यवस्थापनाचा वाद १९२९ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत पोचला. १९८१ पासून मंदिर कुलूपबंद राहिले आणि सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ मध्ये उघडले. येणारा भाविक आहे याविषयी कोणालाच शंका नव्हती. प्रश्न कोणी, केव्हा, काय करावे याचा होता. एसएसएच केवळ पहिल्या अंगाचा निर्णय करते. अमुक कुंजीचा धनी हा आहे, इथे तिचे काम संपते. त्या धन्याला भांडार नुसते वाचता येईल, त्यात लिहिता येईल, की दुसऱ्यांना प्रवेश देता येईल, हे भांडाराचा मालक ठरवतो. म्हणून अभिवादन होऊनही 'पुश', म्हणजे भांडारात लिहिणे, नाकारले गेले तर कुंजी बदलण्यात अर्थ नसतो. मालकाकडे अधिकार मागावा लागतो. याच कारणास्तव एकाच भांडारापुरती मर्यादित अशी 'डिप्लॉय की' हा प्रकारही अस्तित्वात आहे. ती माणसाला नव्हे तर एखाद्या सर्व्हरला दिली जाते आणि मालकाने वेगळी मुभा दिल्याशिवाय तिने फक्त वाचता येते.

सार्वजनिक कुंज्यांची यादीच प्रवेशाचे दार असल्याने त्या यादीत घुसखोरी झाली तर कूटलेखन कितीही पक्के असले तरी उपयोग नसतो. मार्च २०१२ मध्ये येगोर होमाकोव्ह या तरुण रशियन अभ्यासकाने गिटहबच्या एका अर्जातील त्रुटी वापरून आपली सार्वजनिक कुंजी रेल्स या प्रसिद्ध प्रकल्पाच्या खात्याला जोडली व त्या भांडारात नोंद करून दाखवली. गणिताला त्याने हातही लावला नव्हता. गणिताच्याच मुळाशी घाव बसल्याचे उदाहरण डेबियन या कार्यप्रणालीचे. सप्टेंबर २००६ मध्ये तिच्यातील कूटलेखन-संचातून काही ओळी निरुपद्रवी समजून वगळल्या गेल्या, आणि कुंजी घडवताना लागणारी यादृच्छिकता जवळजवळ नाहीशी झाली. एका प्रकारच्या व एका लांबीच्या केवळ ३२,७६७ निरनिराळ्या कुंज्या घडू शकत होत्या. मे २००८ मध्ये हे उघड झाले, तोवर दीड वर्षाहून अधिक काळ लोक अशा कुंज्या निर्धास्तपणे वापरत होते.

परवलीच्या शब्दाने गिटहबच्या भांडारात लिहिण्याची वाट १३ ऑगस्ट २०२१ रोजी बंद झाली. तेव्हापासून दोनच मार्ग उरले : एचटीटीपीएसवरून प्रवेशचिठ्ठी, म्हणजे टोकन, किंवा एसएसएचवरून कुंजी. महाविद्यालयातील सामाईक संगणकावर तासाभराचे काम असेल तर अल्पमुदतीची चिठ्ठी बरी. स्वतःच्या डेस्कटॉपवर मात्र कुंजीच सोयीची. ती एकदा लावली की पुन्हा आठवण ठेवावी लागत नाही.

काही कार्यालयांच्या व वसतिगृहांच्या जाळ्यांवर २२ क्रमांकाचे दार बंद ठेवलेले असते. जोडणी मग नकारही न देता नुसती ताटकळते आणि शेवटी 'कनेक्शन टाइम्ड आउट' असे म्हणते. यासाठी गिटहबने एसएसएचची सोय ४४३ या, एरवी सुरक्षित संकेतस्थळांसाठी उघड्या असलेल्या, दारावरही ठेवली आहे. तेथे यजमानाचे नाव 'एसएसएच-डॉट-गिटहब-डॉट-कॉम' असे द्यावे लागते. हे दर वेळी टंकायचे नसते. 'डॉट एसएसएच' पत्रिकेत 'कॉन्फिग' नावाची साधी मजकूर-फाइल करून यजमान, दारक्रमांक व कुंजीची फाइल यांची नोंद एकदा करावी. घरचे एक व कंपनीचे एक अशी दोन खाती असणाऱ्यांसाठीही हीच फाइल उपयोगी : दोन टोपणनावे देऊन प्रत्येकापुढे वेगळी कुंजी लिहावी आणि 'आयडेंटिटीज ओन्ली' ही नोंद 'यस' करावी. ती राहिली तर एजंट हाताशी असलेली पहिलीच कुंजी पुढे करतो आणि कंपनीच्या भांडारासमोर घरचे खाते उभे राहते. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर काम करणाऱ्याने आणखी एक ध्यानात ठेवावे : गिटची पहिली उतरवणी अर्ध्यात तुटली तर ती जेथे थांबली तेथून पुढे चालू होत नाही. मोठे भांडार उतरवताना 'डेप्थ' १ ठेवून केवळ अखेरची अवस्था मागवावी, जुना इतिहास सवडीने आणता येतो.

मराठी भाषेच्या संगणकीय घडणीत या पद्धतीचा वाटा मोठा आहे, जरी तो डोळ्यांना दिसत नसला तरी. रेड हॅटने २००४ मध्ये मुक्त केलेल्या लोहित या टंककुलाची देखभाल त्या कंपनीच्या पुणे कार्यालयातील अभियंत्यांनी केली. त्याचे भांडार फेडोरा प्रकल्पाच्या फेडोराहोस्टेड या स्थळी होते आणि तेथे लिहिण्यासाठी सार्वजनिक कुंजी नोंदवावी लागे. २०१७ मध्ये ते स्थळ मिटल्यावर लोहित पगूर या नव्या स्थळी गेला. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने घडवलेला, गिरीश दळवी व यशोदीप घोलप यांच्या रेखनाचा मुक्त हा टंक गिटहबवर खुला आहे. एखाद्या जोडाक्षराच्या वळणात केलेली दुरुस्तीही तेथे नोंद होऊन राहते. मोझिलाच्या फायरफॉक्सचे मराठीकरण दीर्घकाळ मर्क्युरियल या गिटच्या समकालीन प्रणालीत ठेवले जाई, आणि तेथे लिहिण्याचा अधिकार मागणाऱ्या भाषांतरकाराला विनंतीसोबत आपली एसएसएच सार्वजनिक कुंजी जोडावी लागे. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो ज्या मीडियाविकी आज्ञावलीवर चालतो ती मार्च २०१२ मध्ये सबव्हर्जनमधून गिटमध्ये आली. तिच्यातील बदल गेरिट या तपासणी-व्यवस्थेतून जातात आणि गेरिटचे एसएसएच दार २२ नसून २९४१८ आहे, हे न कळल्यामुळे नवखे लोक हमखास बाहेर तिष्ठतात.

कुंजीच्या बळावर भांडारात पोचलेल्या नोंदीवर जे नाव छापले जाते ते मात्र कुंजीतून येत नाही. 'गिट कॉन्फिग' मध्ये वापरकर्त्याने जे नाव व जो ईमेल लिहिला असेल तोच नोंदीवर येतो, आणि तेथे कोणी कोणाचेही नाव घालू शकतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या गिट २.३४ पासून त्याच एसएसएच कुंजीने प्रत्येक नोंदीवर स्वाक्षरी करण्याची सोय झाली आहे. गिटहबवर ती कुंजी 'साइनिंग की' म्हणून पुन्हा वेगळी नोंदवावी लागते, प्रवेशासाठी केलेली नोंद त्याला पुरत नाही.

कुंजीला मुदत नसते, म्हणून तिची निवृत्ती हाताने करावी लागते. गिटहब वर्षभर न वापरलेली कुंजी आपणहून काढून टाकते. इतरत्र तशी खात्री धरू नये. जुना डेस्कटॉप विकताना, दुरुस्तीला देताना किंवा धाकट्या भावंडाकडे सोपवताना प्रथम खात्यातील यादीतून त्या संगणकाची सार्वजनिक कुंजी खोडावी, आणि मग डिस्कवरील खाजगी फाइल पुसावी. क्रम उलटा झाला तरी चालते, पण खोडायचे राहून गेले तर चालत नाही, कारण पुसलेली फाइल डिस्कवरून परत मिळवता येते आणि यादीतून खोडलेल्या कुंजीला मात्र सर्व्हर दार उघडत नाही. त्या कुंजीने पूर्वी केलेल्या नोंदी भांडारात जशाच्या तशा राहतात.